अमेरिकन माध्यमिक शाळांतील प्रगत इंग्रजी वर्ग : अपेक्षा आणि श्रेणीदानाचे धोरण

प्रस्तावना

साहित्याच्या उत्तरपत्रिकेला नेमके किती गुण द्यावेत, हा प्रश्न भाषेच्या अध्यापकांना नवा नाही. अमेरिकेत डॅनियल स्टार्च व एडवर्ड इलियट यांनी इंग्रजीच्या दोन उत्तरपत्रिका अनेक माध्यमिक शाळांकडे तपासण्यासाठी पाठविल्या आणि त्यांचे निष्कर्ष १९१२ साली प्रसिद्ध केले. १४२ शाळांतून आलेल्या गुणांत एकाच उत्तरपत्रिकेला १०० पैकी ६४ ते ९८, तर दुसरीला ५० ते ९७ असे गुण मिळालेले आढळले. गुणदानातील ही तफावत कमी करण्याचे विविध प्रयत्न अमेरिकन शिक्षणव्यवस्थेत झाले. त्यांपैकी ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ अर्थात ए.पी. या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रगत इंग्रजी वर्गातील अपेक्षांचे व श्रेणीदान धोरणाचे स्वरूप स्पष्ट करणे आणि आपल्या महाविद्यालयांतील अंतर्गत मूल्यमापनाच्या दृष्टीने त्यातून काय घेता येईल हे पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

वर्गाचे स्वरूप व अपेक्षा

शालेय विद्यार्थ्यांना महाविद्यालयीन पातळीचा अभ्यास करण्याची संधी देणारा ए.पी. कार्यक्रम १९५५ पासून ‘कॉलेज बोर्ड’ ही संस्था चालविते. इंग्रजीत ‘भाषा व लेखन’ आणि ‘साहित्य व लेखन’ असे दोन स्वतंत्र अभ्यासक्रम आहेत. साहित्याच्या अभ्यासक्रमाला सक्तीची पुस्तकयादी नाही. कोणत्या कादंबऱ्या, नाटके व कविता शिकवायच्या हे शिक्षक ठरवितो. मात्र आपल्या अभ्यासक्रमाला ए.पी. हे नाव लावण्यासाठी २००७ पासून शाळेला कॉलेज बोर्डाच्या पडताळणीतून जावे लागते. म्हणजेच पुस्तके निवडण्याचे स्वातंत्र्य शिक्षकाला आहे, पण कोणती कौशल्ये शिकवायची याचे बंधनही आहे.

अशा वर्गाच्या प्रारंभी विद्यार्थी व पालकांना एक लेखी धोरणपत्रक देण्याची पद्धत रूढ आहे. सुट्टीतील वाचन, चर्चेसाठी करावयाची तयारी, वर्गात सुमारे ४० मिनिटांत लिहावयाचे निबंध, पुनर्लेखनाची सवलत, उशिरा दिलेल्या कामाविषयीचे नियम आणि वाङ्मयचौर्याविषयीची भूमिका यांचा त्यात सामान्यतः उल्लेख असतो. निबंध लिहून देणारी संगणकीय साधने २०२२ च्या अखेरीपासून सर्वत्र उपलब्ध झाल्यामुळे त्यांच्या वापराविषयीच्या नियमांचीही त्यात भर पडू लागली आहे. वर्ग सुरू होण्यापूर्वीच अपेक्षा जाहीर होत असल्याने शिक्षक व विद्यार्थी दोघेही त्यांनी बांधले जातात.

बाह्य परीक्षा व गुणदानाचे निकष

वर्षाच्या शेवटी, मे महिन्यात, बाह्य परीक्षा होते. साहित्याच्या परीक्षेत ५५ बहुपर्यायी प्रश्न (४५ टक्के भार) आणि तीन निबंध (५५ टक्के भार) असतात. तीन निबंधांपैकी एक कवितेवर, एक गद्य उताऱ्यावर आणि एक विद्यार्थ्याने निवडलेल्या साहित्यकृतीच्या आधारे असतो. निकाल १ ते ५ या श्रेणीत जाहीर होतो. कोणत्या निकालाला क्रेडिट द्यायचे हे प्रत्येक महाविद्यालय स्वतः ठरविते. काही ठिकाणी ३ पुरेसे असतात, तर काही ठिकाणी ४ किंवा ५ ची अट असते.

निबंधाच्या गुणदानात २०१९-२० पासून महत्त्वाचा बदल झाला. पूर्वी एकंदर ठशावरून ० ते ९ या मापनावर गुण दिले जात. आता ६ गुणांची विभागणी केलेली आहे : प्रतिपाद्य विधानाला १, पुरावा व त्यावरील भाष्याला ४ आणि विचारांच्या प्रगल्भतेला १. त्यामुळे गुण कोठे गेले हे विद्यार्थ्याला कळते आणि दोन परीक्षकांतील मतभेद नेमका कोणत्या घटकाविषयी आहे हेही स्पष्ट होते.

हेच मापन वर्गात वापरताना मात्र एक अडचण उभी राहते. समाधानकारक निबंधाला ६ पैकी ४ गुण मिळाले, तर त्याचे ६६.७ टक्के होतात. आणि ९० च्या वर ए, ८० च्या वर बी या रूढ शालेय मापनात ही ‘डी’ श्रेणी ठरते. दोन मापनांचा अर्थ भिन्न असल्याने त्यांचे सरळ रूपांतर करता येत नाही. म्हणून ४ गुणांना कोणती शालेय श्रेणी समजायची, याचा तक्ता शिक्षकाने आधीच जाहीर करणे इष्ट ठरते.

वर्गातील श्रेणी : खरा प्रश्न

बाह्य परीक्षेचा निकाल जुलैमध्ये लागतो. तोपर्यंत शालेय वर्ष संपलेले असते. त्यामुळे वर्गातील श्रेणी शिक्षक स्वतंत्रपणे देतो आणि ती स्वतंत्रपणेच नोंदली जाते. अनेक शाळांत सामान्य वर्गातील ए श्रेणीला ४, तर ए.पी. वर्गातील ए श्रेणीला ५ अंक धरून सरासरी काढतात. महाविद्यालयीन प्रवेशात ही सरासरी विचारात घेतली जात असल्याने एका श्रेणीच्या फरकालाही मोठे महत्त्व येते.

ही श्रेणी नेमके काय मोजते, हे पाहण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. समजा, धोरणपत्रकात लेखनाला ५० टक्के, वाचन-चाचण्यांना २० टक्के, गृहपाठ व सहभागाला १५ टक्के आणि सत्रान्त परीक्षेला १५ टक्के भार आहे. पहिल्या विद्यार्थ्याला या घटकांत अनुक्रमे ९२, ८५, ४० व ९० गुण मिळाले, तर दुसऱ्याला ७८, ८४, १०० व ७८. दोघांचीही एकूण टक्केवारी ८२.५, म्हणजे बी श्रेणी होते. वास्तविक पहिला विद्यार्थी उत्तम लिहितो, परंतु गृहपाठ देत नाही. गृहपाठ वगळल्यास त्याचे ९० टक्के होतात. दुसरा नियमित आहे, परंतु त्याचे लेखन मध्यम आहे. पहिल्याला शिस्तीची आणि दुसऱ्याला लेखनसाहाय्याची गरज असताना श्रेणी मात्र दोघांविषयी एकच गोष्ट सांगते.

शून्य गुणांचा प्रश्नही याच स्वरूपाचा आहे. ८८, ९० व ९२ गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्याने चौथा निबंध दिला नाही आणि त्याला शून्य मिळाले, तर सरासरी ६७.५ वर येते. ए ते डी या श्रेणींना साधारणतः दहा-दहा गुणांचा पट्टा असतो, तर एफ श्रेणीचा पट्टा ० ते ५९ असा साठ गुणांचा असतो. त्यामुळे शून्याचा परिणाम अवाजवी होतो. म्हणून काही शाळांनी किमान ५० गुण देण्याचे धोरण स्वीकारले. न केलेल्या कामाला ५० गुण देणे प्रामाणिक विद्यार्थ्यांवर अन्याय करणारे आहे, हा त्यावरील आक्षेपही दुर्लक्षणीय नाही. काम पूर्ण होईपर्यंत ‘अपूर्ण’ अशी नोंद ठेवणे आणि ठरावीक मुदतीत ते करवून घेणे, हा तिसरा मार्ग अधिक सयुक्तिक वाटतो. कारण त्यात न लिहिलेल्या निबंधाविषयी कोणताही खोटा आकडा नोंदवावा लागत नाही.

आपल्याकडील अंतर्गत मूल्यमापन

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनंतर निवड-आधारित क्रेडिट पद्धती व १० अंकी श्रेणीपद्धती आपल्या महाविद्यालयांना परिचित झाली. आपल्याकडे अनेक अभ्यासक्रमांत अंतर्गत व सत्रान्त परीक्षेचे गुण एकत्र मिळविले जातात, ए.पी. वर्गात ते वेगळे राहतात. वेगळे राहिल्याने वर्गातील श्रेणी आणि बाह्य निकाल यांची तुलना करता येते. एकत्र झाल्यावर अंतर्गत गुणांतील सैलपणा किंवा काटेकोरपणा अंतिम आकड्यात लपून जातो. प्रकल्प, चाचणी, हजेरी व सहभाग यांची एकच बेरीज झाली, की वर उल्लेखिलेल्या दोन विद्यार्थ्यांमधील भेद येथेही पुसला जातो.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात :

१) श्रेणीदानाचे धोरण सत्रारंभी लेखी स्वरूपात जाहीर झाल्यास अध्यापकाच्या निर्णयाला आधार मिळतो आणि विद्यार्थ्याला दाद मागण्याचा निश्चित मुद्दा मिळतो.

२) निबंधात्मक उत्तरांचे गुण घटकवार विभागल्यास तफावत पूर्णतः टळत नाही, परंतु ती कोठे आहे हे दिसते व त्यावर चर्चा शक्य होते.

३) भाषिक संपादन आणि नियमितपणा यांची नोंद स्वतंत्र ठेवावी. दोन्ही मौल्यवान आहेत. परंतु एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही.

४) गुणांचे एका मापनातून दुसऱ्यात रूपांतर करण्याचा तक्ता आधीच ठरलेला असावा.

अंतर्गत गुणांची विभागणी विद्यापीठ ठरवीत असले, तरी त्या चौकटीत कशाला किती गुण द्यायचे व का, हे एका पानावर लिहून सत्राच्या पहिल्या आठवड्यात विद्यार्थ्यांच्या हाती देणे अध्यापकाला शक्य आहे. त्यासाठी नव्या नियमाची वा निधीची आवश्यकता नाही. विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेवर आयुष्यभर राहणाऱ्या आकड्याचा अर्थ त्याला आधी कळावा, ही अपेक्षा कोणत्याही मूल्यमापन पद्धतीत किमान मानली गेली पाहिजे.