विद्यार्थ्यांचे निवेदन पुढे कुठे जाते?

निकाल रखडले, परीक्षा शुल्क वाढले किंवा दोन पेपर एकाच दिवशी आले, की विद्यापीठाच्या फाटकाशी घोषणा सुरू होतात. सुरक्षारक्षक फाटक ओढून घेतात. तास-दोन तासांनी चार-पाच जणांच्या शिष्टमंडळाला आत सोडतात. अधिकारी निवेदन घेतात, फोटो निघतो, निवेदनाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक विभागाचा शिक्का बसतो आणि ती प्रत घेऊन मुले बाहेर येतात. बातमी इथेच संपते. त्या कागदाचा खरा प्रवास मात्र इथून पुढे सुरू होतो आणि तो कोणाच्या टेबलावर थांबतो, हे आंदोलनातल्या पुष्कळ मुलांनाही ठाऊक नसते.

राज्यातल्या मुंबई, पुणे, नागपूर, कोल्हापूर अशा विद्यापीठांचा कारभार महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ या कायद्याने चालतो. १९९४ च्या जुन्या कायद्याची जागा घेऊन तो १ मार्च २०१७ पासून लागू झाला. राज्यपाल हे कुलपती, त्यांनी नेमलेले कुलगुरू पाच वर्षांसाठी. कुलगुरूंच्या सहीने बरेच काही होत असले तरी प्रत्येक विषयाचे घर वेगळे आहे. अभ्यासक्रम अभ्यास मंडळात तयार होतो आणि विद्याशाखेतून विद्यापरिषदेपुढे जातो. परीक्षा, मूल्यमापन आणि निकाल यांच्यासाठी स्वतंत्र परीक्षा मंडळ असते. पैसा, इमारती, नेमणुका हे व्यवस्थापन परिषदेचे काम. म्हणून अभ्यासक्रमाची तक्रार घेऊन परीक्षा भवनासमोर ठिय्या दिला, तर मागणी रास्त असूनही कागद फिरत राहतो.

आता अधिसभा, म्हणजे सिनेट. इथे जरा थांबायला हवे, कारण विद्यापीठाला जाहीरपणे जाब विचारण्याची जागा हीच. प्राचार्य, अध्यापक, संस्थाचालक यांचे प्रतिनिधी इथे असतात आणि नोंदणीकृत पदवीधर आपल्यातून दहा जण निवडून देतात. या दहांपैकी पाच जागा खुल्या, तर पाच राखीव असतात. वार्षिक अहवाल, हिशेब आणि लेखापरीक्षण अधिसभेपुढे येते. सदस्य प्रश्न विचारतो, प्रशासनाला उत्तर द्यावे लागते आणि ते इतिवृत्तात नोंदले जाते. फाटकावर मिळालेले तोंडी आश्वासन महिन्याभराने कोणी नाकारले, तर मुलांच्या हाती काही नसते. इतिवृत्तातले उत्तर तसे नाकारता येत नाही. विद्यापीठ विद्यार्थी परिषदेच्या पदाधिकाऱ्यांनाही कायद्याने या सभागृहात जागा दिली आहे.

विद्यार्थ्यांची ही जागा मात्र रिकामी राहिली आहे. १९९४ च्या कायद्याने विद्यार्थी परिषदेची थेट निवडणूक बंद झाली आणि गुणवत्तेवर वर्ग प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आली. विद्यार्थी संघटना वर्षानुवर्षे निवडणुका मागत राहिल्या. २००६ मध्ये लिंगडोह समितीने देशभरासाठी नियम सुचवले: उमेदवाराचा खर्च पाच हजार रुपयांच्या आत, ७५ टक्के हजेरी, छापील पोस्टरना मनाई. सर्वोच्च न्यायालयाने त्यांची अंमलबजावणी करायला सांगितले. अखेर २०१६ च्या कायद्याने अध्यक्ष, सचिव, महिला प्रतिनिधी आणि राखीव प्रवर्गाचा प्रतिनिधी थेट मतदानाने निवडण्याची तरतूद केली. २०१९ साली निवडणुका होणार असे ठरले, पण विधानसभा निवडणुकीचे कारण देऊन त्या पुढे ढकलल्या गेल्या आणि पाठोपाठ कोरोना आला. जो हक्क मिळवायला दोन दशकांहून अधिक काळ गेला, तो कायद्यात लिहून झाल्यावरही कागदावरच ठेवणे हा मुलांवर सरळ अन्याय आहे.

अधिसभेतल्या अशा जागा रिकाम्या असल्या की काय होते, ते मुंबई विद्यापीठाने २०१७ साली पाहिले. उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासायच्या, असे ठरले. कल्पना वाईट नव्हती. पण सतरा लाखांहून अधिक उत्तरपत्रिका, अपुरी पूर्वतयारी आणि नव्या पद्धतीचा पुरेसा सराव नसलेले अध्यापक. जुलैअखेर निकाल लावा, असे कुलपतींनी बजावले, तरी मुदत टळली. पुढच्या प्रवेशासाठी गुणपत्रिका हवी असलेली मुले विद्यापीठाचे उंबरठे झिजवत राहिली. नवा कायदा नुकताच लागू झाला होता आणि पदवीधरांचे प्रतिनिधी निवडून यायला मार्च २०१८ उजाडला. २४ ऑक्टोबर २०१७ रोजी कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. मुलांचे गेलेले महिने काही परत आले नाहीत.

पदवीधरांच्या जागांचीही कथा वेगळी नाही. मुंबईत या दहा जागांची सप्टेंबर २०२३ मधली निवडणूक ऑगस्टमध्ये एका रात्रीत स्थगित झाली. वर्षभराने मतदान ठरले, तर मतदानाच्या तोंडावर पुन्हा स्थगिती आली. मुंबई उच्च न्यायालयाने ती उठवली, तेव्हा कुठे २४ सप्टेंबर २०२४ ला मतदान झाले.

दरम्यान राजकीय पक्षांचा वाद कशावर झाला? कुलगुरू कोणी नेमायचा, यावर. डिसेंबर २०२१ मधल्या दुरुस्ती विधेयकानुसार शोध समितीच्या यादीतली दोन नावे सरकारने कुलपतींकडे पाठवायची होती आणि उच्च शिक्षण मंत्री प्र-कुलपती होणार होते. अभाविप या विद्यार्थी संघटनेने त्याविरुद्ध आंदोलने केली. विद्यापीठाची स्वायत्तता जाईल, असे विरोधक म्हणत. निवडून आलेल्या सरकारला शब्द हवा, असे समर्थक म्हणत. पुढच्या सरकारने तो बदल मागे घेतला. दोन्ही बाजूंना मुद्दे होते, त्यांची चर्चा व्हायलाच हवी. पण कुलपती की मंत्री या ओढाताणीत, सभागृहात विद्यार्थी कधी बसणार हा प्रश्न कोणी तितक्या जोराने विचारला नाही. माझ्या मते सुधारणेची सुरुवात तिथून व्हायला हवी होती.

म्हणून आंदोलन करणाऱ्या मुलांना एवढेच सांगणे आहे: निवेदनात मागणीबरोबर तो विषय कोणत्या मंडळाचा, हे लिहा आणि पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत तो घ्यावा, अशी लेखी मागणी करा. विद्यार्थी परिषदेच्या निवडणुकीची तारीख प्रत्येक निवेदनात मागा. आणि पदवी हाती आलेल्या प्रत्येकाने आपल्या विद्यापीठात पदवीधर मतदार म्हणून नाव नोंदवावे. मुंबई विद्यापीठातून दरवर्षी लाखाहून अधिक विद्यार्थी पदवी घेतात. २०२४ च्या मतदार यादीत पदवीधर होते सुमारे साडेतेरा हजार.