चूक कुठे झाली?

प्रोग्रॅम चुकतो तेव्हा का चुकला ते सांगत नाही. तो चुकीचे उत्तर देतो, नाहीतर ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ एवढे दोन शब्द दाखवून बंद पडतो. अशा प्रोग्रॅमला मध्येच अडवून त्याच्या मेमरीत डोकावण्याचे साधन म्हणजे डीबगर. लिनक्सवर सी भाषेसाठी जीडीबी हा डीबगर चांगलाच रुळला आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये ग्नू प्रकल्पासाठी तो लिहिला. त्यात खिडक्या-बटणे नाहीत; टर्मिनलवर कमांड टाइप करायची आणि उत्तर वाचायचे.

आधी एक तयारी लागते. कंपाइल करताना ‘जी’ हा पर्याय दिला, की कोडमधल्या ओळींचे क्रमांक आणि व्हेरिएबलची नावे तयार फाइलमध्ये राहतात. तो विसरला तर हाती बहुतांशी पत्ते आणि आकडेच उरतात.

‘ब्रेक’ ही कमांड ओळ ठरवून तिथे थांबा नेमते. इंटेलच्या प्रोसेसरवर जीडीबी त्या जागचा एक बाइट बाजूला ठेवतो आणि तिथे थांबण्याची सूचना लिहितो. ‘रन’ दिल्यावर प्रोग्रॅम तिथवर धावतो आणि थबकतो. मग ‘प्रिंट’ने किमती बघायच्या, ‘नेक्स्ट’ने ओळ-ओळ सरकायचे, फंक्शनच्या आत शिरायचे असेल तर ‘स्टेप’.

प्रोग्रॅम कोसळला असेल तर पहिली कमांड ‘बॅकट्रेस’. कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले याची साखळी ती मांडते. सर्वांत वर कोसळण्याची जागा असते, आणि नवशिक्यांची गल्लत इथेच होते. कोसळण्याची जागा हीच चूक झालेली जागा असे ते धरून चालतात.

समजा, पाच विषयांच्या गुणांसाठी पाच घरांचा ॲरे आहे. सी भाषेत घरे शून्यापासून मोजतात, म्हणून शेवटच्या घराचा क्रमांक चार. सगळी घरे शून्याने भरणाऱ्या लूपमध्ये ‘पाचपेक्षा कमी’ऐवजी ‘पाच किंवा कमी’ लिहिले गेले, तर सहावे शून्य ॲरेबाहेर, शेजारच्या मेमरीत पडते. तिथे विद्यार्थ्यांची संख्या असेल, तर ती गुपचूप शून्य होते. प्रोग्रॅम कोसळतो मात्र बऱ्याच पुढे, सरासरी काढताना शून्याने भागल्यावर. ती भागाकाराची ओळ शंभरदा वाचली तरी त्यात खोट सापडणार नाही, कारण ती निर्दोषच आहे.

इथे ‘वॉच’ ही कमांड सोन्यासारखी उपयोगी पडते. विद्यार्थ्यांच्या संख्येवर पहारा बसवला, की किंमत बदलताक्षणी जीडीबी थांबतो आणि जुनी किंमत, नवी किंमत व कोडमधली जागा दाखवतो. लूप तिथेच पकडला जातो. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये या पहाऱ्यासाठी चार रजिस्टर राखलेली असतात, त्यामुळे प्रोग्रॅमचा वेग फारसा मंदावत नाही.

जीडीबी मोफत मिळतो आणि ‘हेल्प’ ही कमांड त्यातच आहे. शिकणाऱ्याने आपलाच एखादा चालणारा, छोटा प्रोग्रॅम त्यात उघडून ओळ-ओळ चालवून पाहावा.