उंच सारथी आणि ठेंगणें आसन

मनुष्य घोड्यावर बसतो तेव्हां त्याच्या उंचीचा प्रश्न फारसा उद्भवत नाहीं. पाय लांब असले तर रिकिबीचा पट्टा दोन भोकें सैल केला कीं काम भागतें. परंतु तोच मनुष्य शर्यतीच्या मोटारींत बसूं लागला म्हणजे त्याचें डोकें छतास, गुडघे स्टिअरिंगच्या चाकास आणि पावलें पुढच्या भिंतीस अडतात. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांस अशा मोटारींचा छंद आहे; वह्यांच्या मागील पानांवर त्यांचीं चित्रें आम्हांस नेहमीं आढळतात. म्हणून मोटारीच्या वेगाविषयीं नव्हे, तर तींत बसणाऱ्या उंच मनुष्याच्या सोयीविषयीं येथें चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय वरवर पाहतां चैनीचा आहे; परंतु त्याचा संबंध आपल्या वर्गांतील बांकापर्यंत पोंचतो, हें पुढें दिसून येईल.

प्रथम हें पाहूं कीं, अशी मोटार ठेंगणी कां करितात. त्याचीं कारणें दोन. गाडीचा समोरचा भाग जितका लहान, तितका हवेचा विरोध कमी. आणि गुरुत्वमध्य जितका जमिनीजवळ, तितकी गाडी वळणावर अधिक स्थिर. अमेरिकेंतील फोर्ड कंपनीच्या ‘जीटी ४०’ या प्रसिद्ध मोटारीच्या नांवांतील चाळीस हा आंकडा तिच्या उंचीचा आहे. चाळीस इंच म्हणजे सुमारें १०२ सेंटिमीटर. शिक्षकाच्या मेजाहून जेमतेम वीतभर अधिक. एवढ्याशा उंचींत ताठ बसणें शक्यच नसतें. म्हणून चालकाची पाठ मागें कलती ठेवितात आणि पाय पुढें लांबवितात. म्हणजे उभ्या जागेची उणीव आडव्या जागेनें भरून काढितात. उंच मनुष्यास ही आडवी जागाही अपुरी पडते, आणि तेथूनच अडचणीस आरंभ होतो.

डॅन गर्नी हा अमेरिकन चालक सहा फुटांहून बराच उंच होता. १९६७ सालीं फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतींत त्यास याच मोटारीची सुधारलेली आवृत्ति चालवावयाची होती. परंतु शिरस्त्राण घालून बसल्यावर त्याचें डोकें छतास लागे. तेव्हां कारागिरांनीं चालकाच्या डोक्यावरील भागास बाहेरच्या बाजूस फुगवटा दिला. त्या शर्यतींत गर्नी आणि त्याचा साथीदार ए. जे. फॉइट यांनीं ३८८ फेऱ्या पुऱ्या करून विजय मिळविला. तो फुगवटा पुढें गर्नीच्याच नांवानें ओळखला जाऊं लागला.

सर्वांचेंच असें साधतें असें नाहीं. २००५ सालीं मॅकलॅरन संघाचा एक चालक दुखापतीमुळें खेळूं शकला नाहीं. त्याच्या जागीं बसण्यास राखीव चालक अलेक्झांडर वुर्झ तयार होता. पण त्याची उंची त्या वर्षींच्या अरुंद गाडींत मावेना, आणि बहारीन येथील शर्यतींत दुसऱ्या राखीव चालकास पाठवावें लागलें. तीन आठवड्यांनीं, गाडींत आवश्यक फेरफार झाल्यावर, वुर्झ इमोला येथें उतरला आणि अंतिम निकालांत तिसरा आला. चालक तोच, कौशल्य तेंच. फरक पडला तो जागेंत. उंच चालकावर आणखी एक भार असे, तो म्हणजे त्याच्या वजनाचा. गाडी व चालक यांचें वजन पूर्वीं एकत्र मोजीत असल्यामुळें उंच चालकांस उपाशी राहून अंग झिजवावें लागे. २०१९ सालीं फॉर्म्युला वन शर्यतींच्या नियमांत चालक आणि आसन मिळून किमान ८० किलोग्रॅम वजन ठरविण्यांत आलें; चालक हलका असल्यास उरलेलें वजन आसनापाशीं जोडावें लागतें. त्यामुळें उपासाचा लाभ उरला नाहीं.

आतां आपल्या महाराष्ट्राकडे वळूं. टाटा मोटर्सच्या पुण्यांतील संशोधकांनीं जिच्यावर परिश्रम केले, ती ‘नॅनो’ मोटार १० जानेवारी २००८ रोजीं लोकांपुढें आली. तिचें उत्पादन आतां बंद झालें आहे. परंतु तिच्यापासून घेण्यासारखा धडा मोठा आहे. ती मारुति ८०० हून बाहेरून सुमारें आठ टक्के आंखूड असूनही आंतून सुमारें एकवीस टक्के अधिक प्रशस्त होती. इंजिन मागें नेल्यामुळें पुढें पायांस जागा मिळाली, आणि गाडीची उंची सुमारें १६५ सेंटिमीटर ठेविल्यामुळें मनुष्यास ताठ बसतां आलें. सहा फुटी मनुष्य कोट्यवधि रुपयांच्या शर्यतगाडींत अवघडावा आणि लाखाच्या गाडींत सुखानें बसावा, हें नवल नव्हे. जागेची किंमत पैशांत नसून मांडणींत असते.

ज्यांच्याजवळ ठेंगणी गाडी आहे आणि उंचीही आहे, असे लोक काय करितात? कोणी आसनाच्या गादींतील फोम कापून दोन बोटें खालीं बसतात. माझदा कंपनीच्या लहान दोन-आसनी गाडीच्या उंच मालकांत हा उपाय सर्रास चालतो. कोणी आसनाच्या सरकपट्ट्या काढून त्या जागीं अधिक खालच्या किंवा अधिक मागें जाणाऱ्या पट्ट्या बसवितात. कोणी मूळ आसन काढून पातळ व घट्ट शर्यती आसन थेट तळास जोडतात. कोणी लहान अथवा खालून सपाट असें स्टिअरिंगचें चाक लावितात, म्हणजे मांड्यांस मोकळीक मिळते.

हे उपाय सोपे दिसतात, पण त्यांत जिवाचा प्रश्न आहे, आणि येथें आम्ही पालकांचें लक्ष विशेषेंकरून वेधितों. आसनाची गादी केवळ मऊपणासाठीं नसते. टक्कर होतांच मनुष्य पट्ट्याखालून पुढें घसरूं नये, यासाठीं तिचा आकार ठरविलेला असतो. कित्येक आसनांच्या कुशींत हवेची पिशवी आणि बुडाशीं विजेच्या तारा असतात. सुरी चालविणाऱ्यास त्या दिसत नाहींत. सरकपट्टीचे बोल्ट कच्चे असले तर धडकेच्या वेळीं आसन मनुष्यासह उखडतें. डोक्याचा आधार मानेपर्यंतच पोंचत असेल तर मागून बसलेल्या धक्क्यानें मान मोडण्याचें भय असतें. छाती आणि स्टिअरिंग यांत निदान २५ सेंटिमीटर अंतर असावें, असें जाणते सांगतात. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें, नोंदणीपत्रांतील मूळ तपशिलाशीं विसंगत असा बदल गाडींत करतां येत नाहीं. म्हणून नाक्यावरच्या गॅरेजांत करवतीनें उरकण्याचें हें काम नव्हे.

शहाणे अभियंते हें काम कसें करितात? विद्यार्थ्यांनीं बांधलेल्या लहान शर्यतगाड्यांच्या फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धांत यासाठीं पुठ्ठ्याच्या माणसासारखा एक सांचा वापरतात. त्यास ‘पर्सी’ म्हणतात. कमरेच्या जागीं २०० मिलिमीटर व्यासाचें एक वर्तुळ, खांद्यांच्या जागीं तेवढेंच दुसरें, आणि शिरस्त्राणासह डोक्याच्या जागीं ३०० मिलिमीटरचें तिसरें. पहिल्या दोहोंच्या मध्यबिंदूंत ४९० आणि वरच्या दोहोंत २८० मिलिमीटर अंतर असतें. कमरेच्या मध्यबिंदूपासून पायपट्टीपर्यंत किमान ९१५ मिलिमीटर राखावे लागतात. हा सांचा शंभरांत पंचाण्णवाव्या उंच पुरुषाचा आहे. तो गाडींत मावला नाहीं तर गाडी बाद होते. आमच्या विद्यार्थ्यांस हा सांचा एका सुटीच्या दिवशीं घरीं कापतां येईल. नांदेडजवळ विष्णुपुरी येथील अभियांत्रिकी संस्थेंत किंवा लातूरच्या रेल्वे डबा कारखान्यांत पुढें जाऊं इच्छिणाऱ्यांस तर ही उत्तम पूर्वतयारी होय. कारण डब्यांतील शायिका किती लांब असावी, हाही याच जातीचा प्रश्न आहे.

आणखी एक प्रयोग करून पाहावा. उभें राहिल्यावर सारख्याच उंचीचीं दोन मुलें सपाट स्टुलावर बसवावीं आणि स्टुलापासून टाळूपर्यंतची उंची मोजावी. ती बहुधा सारखी येणार नाहीं. एकाचें धड लांब, तर दुसऱ्याचे पाय लांब. पहिल्यास छत अडेल, दुसऱ्यास गुडघे. १९५० सालीं अमेरिकेच्या हवाई दलानें ४,०६३ वैमानिकांचीं मापें घेतलीं. गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण अधिकाऱ्यानें त्यांतील दहा मापें निवडून, दहाही बाबतींत सरासरीच्या आसपास बसणारा वैमानिक शोधला. तसा एकही सांपडला नाहीं! विमानांतील आसनें मात्र त्या ‘सरासरी’ मनुष्यासाठींच बांधलेलीं होतीं. तेव्हांपासून आसन, पट्टे आणि पायपट्ट्या माणसाच्या मापाप्रमाणें सरकत्या करण्याच्या विचारास जोर आला.

हुजूर साहिबाच्या दर्शनास पंजाबांतून आलेला एखादा सहा फुटी गृहस्थ ऑटोरिक्षांत शिरतांना पगडी सांभाळून कसा वांकतो, हें नांदेडकरांनीं पाहिलेलेंच आहे. त्याचें वांकणें घटकाभराचें असतें. आमच्या वर्गांतील उंच मुलगा मात्र दिवसाचे पांच-सहा तास, वर्षांमागून वर्षें, गुडघे फळीस टेकवून बसतो. तो चुळबूळ करूं लागला कीं आपण त्यास चंचल म्हणतों, पाय बाहेर काढले कीं उद्धट म्हणतों. उंच मुलगी मैत्रिणींच्या थट्टेस भिऊन खांदे पाडून चालूं लागते, आणि ती पोंक तिला जन्मभर पुरते. बुटक्या मुलाचे पाय अधांतरीं लोंबतात, त्याकडेही कोणी पाहत नाहीं.

शौल राजा सर्व लोकांहून डोकें-खांदे उंच होता. त्यानें आपलें चिलखत तरुण दाविदाच्या अंगावर चढविलें, तेव्हां दाविदास चालतां येईना. दाविदानें तें उतरून ठेविलें आणि सरावाची गोफण हातीं घेतली. चिलखतांत मावत नाहीं म्हणून त्याच्या देहास कोणीं नांवें ठेविलीं नाहींत. पालकांनीं एवढें करावें: मूल घरीं अभ्यासास बसलें असतां त्याचीं पावलें जमिनीस पुरतीं टेकतात काय आणि गुडघ्यांवर मेजाची फळी दाबते काय, हें एकदां पाहावें. मेज ठेंगणें असल्यास त्याच्या पायांखालीं लांकडी ठोकळे पक्के बसवावे. पाय लोंबत असल्यास खालीं एक वीट ठेवावी. आणि शाळेच्या बांकाविषयीं मुलानें तक्रार केली तर ती आळसाची सबब न मानतां आमच्या कानावर घालावी. ठोकळे घालणें आमच्याही हातचें आहे.