दान्तेची इटालियन आणि बारामतीची आर्या

बारामती म्हटलं की आज एमआयडीसी, ऊस आणि राजकारण आठवतं. पण अठराव्या शतकात कऱ्हाकाठच्या याच गावात महाभारत मराठी आर्यांत उतरत होतं. बाबूजी नाईकांच्या आश्रयाने इथे राहिलेले मोरेश्वर रामचंद्र पराडकर, म्हणजेच मोरोपंत (१७२९–१७९४) हे काम करत होते.

संस्कृत येणारा पंडित मराठीत का लिहीत होता? जवळपास हाच प्रश्न इटलीतही विचारला गेला होता.

आधी लोकभाषा

मध्ययुगीन युरोपात विद्वानांची भाषा लॅटिन होती. फ्लॉरेन्समधून हद्दपार झालेल्या दान्तेने (१२६५–१३२१) आपलं महाकाव्य 'दिव्हिना कोमेदिया' मात्र तिथल्या बोलीत लिहिलं. लोकभाषेची बाजू मांडणारा ग्रंथ त्याने लॅटिनमध्ये लिहिला, कारण पटवायचं होतं ते पंडितांनाच.

आपल्याकडे ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये गीतेचा अर्थ मराठी ओवीत सांगितला. दान्ते तेव्हा पंचविशीत होता. दोघांना एकमेकांची माहिती असणं शक्य नव्हतं, पण दोघांनीही विद्वानांच्या भाषेत अडकलेलं ज्ञान लोकांच्या भाषेत आणलं.

मग पंडितांची चाळणी

लोकभाषेला मान मिळाला की तिचं शुद्ध रूप कोणतं, हा वाद सुरू होतो. इटलीत पिएत्रो बेम्बोने १५२५ मध्ये दोन आदर्श सुचवले: पद्यासाठी पेत्रार्क, गद्यासाठी बोकाचिओ. दोघेही दोनशे वर्षांपूर्वीचे. १५८३ मध्ये फ्लॉरेन्समध्ये 'आक्कादेमिया देल्ला क्रुस्का' ही संस्था स्थापन झाली. क्रुस्का म्हणजे कोंडा. भाषेतला कोंडा चाळून पीठ ठेवायचं, ही त्यामागची कल्पना. संस्थेचा शब्दकोश १६१२ मध्ये आला.

योगायोग असा की १५८४ मध्ये पैठणचे एकनाथ ज्ञानेश्वरीची पाठशुद्ध प्रत तयार करत होते.

मोरोपंत कुठे बसतात?

पेत्रार्कला मोठ्या कीर्तीची आशा होती ती लॅटिन लेखनाकडून. जग त्याला ओळखतं ते इटालियन कवितांमुळे. मोरोपंतांनीही काही रचना संस्कृतात केल्या, पण त्यांचं नाव टिकलं ते मराठीमुळे.

त्यांनी संस्कृतातली शिस्त मराठीत आणली. त्यांच्या बहुतेक आर्या 'गीती' प्रकारातल्या. प्रत्येक ओळीत बारा आणि अठरा अशा तीस मात्रा. रामायण त्यांनी नाना तऱ्हांनी लिहिलं. 'निरोष्ठ रामायणा'त तर ओठ जुळवून उच्चारायची प, फ, ब, भ, म ही अक्षरंच वर्ज्य. म्हणजे 'राम' हा शब्दही न वापरता रामकथा सांगायची!

या पांडित्याची किंमतही होती. लांब समास आणि संस्कृत शब्द यांमुळे त्यांची मराठी अनेकदा अर्थ सांगितल्याशिवाय कळत नाही. बेम्बोची इटालियनही बाजारात बोलली जाणारी नव्हती.

तरीही आर्या पोथीत अडकली नाही. कीर्तनकारांनी ती उचलली, अर्थ सोडवून सांगितला आणि अक्षरओळख नसलेल्या श्रोत्यांपर्यंत नेली. मोरोपंतांनी मराठीला संस्कृताच्या तोलाचा डौल दिला, पण तो लोकांपर्यंत पोचला तो कीर्तनकारांच्या तोंडून.