एकाच हाती शस्त्र आणि सुकाणू : आरंभीच्या लढाऊ विमानांचा आढावा

नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याने निघालेल्या माणसास प्रथम कामठीची छावणी लागते, मग कन्हान नदीवरचा पूल, आणि पूल ओलांडला की आमचे कन्हान गाव. सीताबर्डीची लढाई १८१७ साली झाली आणि तिच्यानंतर चार वर्षांनी कंपनी सरकारने ही छावणी नदीकाठी वसविली. तेव्हा तेथे जो लष्करी शिरस्ता रुजला, त्यात तोफ ओढून नेणारा एक आणि ती डागणारा दुसरा, ही वाटणी इतकी स्वाभाविक मानली गेली होती की तिचा स्वतंत्र विचार करण्याची गरज कोणास भासली नाही. बैल हाकणाऱ्याने नेमाची चिंता करावयाची नसते आणि गोलंदाजाने बैलांची. तोफ एकदा जागेवर स्थिर झाली की दोघांची कामे आपोआप विलग होतात. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात युद्ध आकाशात गेले तेव्हा ही वाटणी त्याच्याबरोबर वर गेली, आणि अवघ्या तीन वर्षांत ती मोडीत निघाली. लढाऊ विमानाचा जन्म विमानावर बंदूक बसविल्याने झाला नाही. सबंध विमानच बंदुकीसारखे रोखावयाचे असते हे उमगले तेव्हा तो झाला. या एका उमगण्याची किंमत वैमानिकाच्या हातांनी, डोळ्यांनी आणि पुष्कळदा प्राणांनी कशी चुकती केली, त्याचा हा आढावा आहे. त्या किमतीत एका मुंबईकर तरुणाचाही वाटा आहे, आणि मराठी वाचकाने त्याचे नाव विसरावे असे ते नाही.

निरीक्षकाच्या हातातील बंदूक

१९१४ च्या ऑगस्टात युरोपातील सैन्यांनी विमाने रणांगणावर नेली ती टेहळणीसाठी. वैमानिकाने यंत्र चालवावे, निरीक्षकाने नकाशा, दुर्बीण आणि टिपणवही सांभाळावी, आणि शत्रूचे विमान जवळून गेलेच तर पिस्तूल अथवा रायफल झाडावी, एवढीच शस्त्राची तजवीज असे. ब्रिटिश वैमानिक लुई स्ट्रेंज याने त्याच महिन्यात आपल्या फार्मान विमानावर लुईस मशीनगन चढविली. परंतु त्या वजनामुळे यंत्र पुरेशी उंचीच गाठीना आणि शत्रू वरून निर्वेध निघून गेला. अखेर ५ ऑक्टोबर १९१४ रोजी ऱ्हॅन्स शहराजवळ फ्रेंच सार्जंट जोझेफ फ्रान्झ आणि त्याचा सोबती लुई केनो यांनी आपल्या व्हॉयसाँ विमानातील हॉचकिस मशीनगनने एक जर्मन आव्हियातिक पाडले, आणि विमानाने विमानास गोळीबाराने पाडण्याचा पहिला दाखला इतिहासाच्या दप्तरी जमा झाला. फ्रान्झ विमान चालवीत होता आणि केनो गोळ्या झाडीत होता, म्हणजे कामठीच्या तोफखान्यातील वाटणी येथे जशीच्या तशी होती. ती शक्य झाली याचे कारण व्हॉयसाँचे इंजिन आणि त्याचा पंखा पाठीमागे होता, त्यामुळे पुढची दिशा बंदुकीला मोकळी मिळत होती.

पण मागून ढकलले जाणारे विमान त्याच्या सांगाड्यातील तारा आणि दांड्यांच्या जंजाळामुळे मंद असे. वेग हवा तर इंजिन पुढे हवे, आणि इंजिन पुढे आले की पंखा नेमका बंदुकीच्या वाटेत येई. यावर सोपा तोडगा म्हणून बंदूक वरच्या पंखावर, पंख्याच्या फेऱ्याच्या वर बसविण्यात आली. त्या तोडग्याची मर्यादा स्ट्रेंजनेच १० मे १९१५ रोजी स्वतःच्या देहाने सिद्ध केली. मार्टिनसाइड विमानात एकटाच असताना बंदुकीवरील काडतुसांची तबकडी अडकली; ती दोन्ही हातांनी उपसण्यासाठी तो उभा राहिला, गुडघ्यांत धरलेली नियंत्रणदांडी सुटली, विमान उलटे झाले आणि तो त्याच तबकडीला धरून आकाशात लोंबकळू लागला. क्षणापूर्वी जी निघावी म्हणून तो झटत होता, ती आता निघू नये एवढीच त्याची प्रार्थना उरली. पाय झाडीत त्याने कशीबशी बैठक गाठली, दांडी लाथाडून विमान सरळ केले आणि तो जिवंत परतला. एकट्या माणसाने शस्त्र आणि सुकाणू आळीपाळीने हाताळावे ही योजनाच सदोष आहे, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणत्याही चौकशी समितीस मिळाला नसता.

दोन्ही कामे आळीपाळीने होत नसतील तर ती एकच करावी, हा विचार डी. एच. २ या एकासनी ब्रिटिश विमानावर प्रत्यक्षात आला. याचाही पंखा मागे होता आणि पुढची लुईस बंदूक हवी तिकडे वळविता येईल अशी मूळ रचना होती. फेब्रुवारी १९१६ मध्ये फ्रान्सात दाखल झालेल्या २४ व्या स्क्वॉड्रनचा अधिपती मेजर लॅनो हॉकर यास अनुभवाने कळून चुकले की, एका हाताने दांडी धरून दुसऱ्याने बंदूक फिरवू पाहणारा वैमानिक दोन्ही कामे बिघडवतो. वरिष्ठांना मात्र फिरती बंदूक बांधून टाकण्याची कल्पना पसंत नव्हती. म्हणून हॉकरने अशी एक खीळ योजिली की बंदूक कागदोपत्री फिरती राहावी आणि व्यवहारात समोर रोखलेली असावी. नेम आता विमानाच्या नाकाने धरावयाचा होता आणि बंदूक चालविण्याचे कौशल्य दांडी चालविण्याच्या कौशल्यात विलीन झाले होते.

पंख्याच्या पात्यांमधून

पंख्याच्या अडथळ्याचे उत्तर तोवर जर्मनांच्या हाती लागले होते. फ्रेंच वैमानिक रोलाँ गारो याने आपल्या मोरान-सोल्निए विमानाच्या पंख्याला, गोळ्यांच्या रेषेत येणाऱ्या भागी, पोलादी पाचरी ठोकल्या; पात्यावर आपटणारी गोळी पाचरीवरून निसटावी आणि बाकीच्या निर्वेध पार जाव्यात असा त्याचा हिशेब होता. १ एप्रिल १९१५ रोजी त्याने या उपायाने पहिले विमान पाडले. १८ एप्रिलला मात्र त्यास शत्रूच्या मुलखात उतरणे भाग पडले आणि पाचरींसह सारे यंत्र जर्मनांच्या स्वाधीन झाले. जर्मन लष्कराने अँथनी फोकर यास या योजनेची नक्कल करण्यास सांगितले. त्याच्या कारखान्याने काही आठवड्यांतच नकलेऐवजी निराळीच यंत्रणा सादर केली. फ्रान्झ श्नायडरने १९१३ मध्येच अशा यंत्रणेचे पेटंट घेतले होते आणि सोल्निएनेही तिचे प्रयोग केले होते. परंतु रणांगणावर यशस्वी ठरली ती फोकरची.

तिचे तत्त्व थोडक्यात असे. मिनिटास बाराशे फेरे घेणाऱ्या दोन पात्यांच्या पंख्याचे पाते बंदुकीच्या तोंडावरून मिनिटाला चोवीसशे वेळा जाते. मशीनगन त्याच अवधीत पाचशेच्या आसपास गोळ्या झाडते. तेव्हा बंदुकीने आपल्या लहरीने न सुटता, पाते बाजूस गेल्याचा इशारा इंजिनाकडून मिळताच सुटावे, एवढे साधले की काम भागते. इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चाकावरील उंचवटा एक दांडा ढकलतो आणि वैमानिकाने चाप दाबलेला असेल तरच तो दांडा बंदुकीला हुकूम देतो. म्हणजे चाप वैमानिकाचा आणि गोळी सोडण्याचा नेमका क्षण इंजिनाचा, अशी कामाची नवी वाटणी झाली. या यंत्रणेसह १९१५ च्या उन्हाळ्यात आलेल्या फोकर एकपंखी विमानांनी दोस्तांच्या टेहळणी विमानांची दाणादाण उडविली. विशेष हे की विमान म्हणून फोकर काही मोठे नव्हते: त्याला वळविण्यासाठी पंखांची टोके तारांनी पिळावी लागत आणि शेपटीचा आडवा भाग सबंधच हलता असल्याने दांडी क्षणभरही मोकळी सोडण्याची सोय नव्हती. इतके सामान्य यंत्र केवळ शस्त्रयोजनेच्या बळावर आकाशाचे स्वामी झाले.

दांड्यांची ही जुळणी झिजली अथवा ढिली पडली की वैमानिक आपलाच पंखा छाटून घेई. जून १९१६ मध्ये जर्मन वैमानिक माक्स इमेलमान पडला तो याच कारणाने, असे जर्मन पक्षाचे म्हणणे होते. ब्रिटिशांनी ते श्रेय आपल्या एका विमानास दिले. दांड्यांचा हा दोष टाळणारी यंत्रणा रुमानियन संशोधक गोगू कॉन्स्टँटिनेस्को याने मेजर कॉली यांच्या साहाय्याने सिद्ध केली. तिच्यात इंजिनाचा इशारा बंदुकीपर्यंत पोहोचे तो नळीत दाबाखाली ठेवलेल्या तेलातील स्पंदनांनी. त्यामुळे ती कोणत्याही इंजिनास जोडता येई आणि लांब दांड्यांची झीज उरत नसे. मार्च १९१७ पासून ती ब्रिटिश विमानांवर आली, आणि पुढच्या दीड वर्षात आकाशात उतरलेल्या हिंदी तरुणांच्या हाती बहुधा हीच यंत्रणा होती.

चार हिंदी वैमानिक, तीन विमाने

त्या महायुद्धात पश्चिम आघाडीवर ब्रिटिश विमानदलातून लढलेल्या हिंदी वैमानिकांत चार नावे ठळक आहेत: हरदित सिंग मलिक, एरल चंदर सेन, इंद्रलाल रॉय आणि मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर. यांना मिळालेली विमाने तीन जातींची होती, आणि त्या काळच्या शस्त्रयोजनेच्या तीन प्रमुख पद्धती त्यांत एकत्र पाहावयास मिळतात.

मलिक आणि सेन यांच्याकडे सॉपविथ कॅमल आले. त्यात दोन व्हिकर्स मशीनगन वैमानिकाच्या पुढ्यातच बसविलेल्या असत, त्यामुळे अडकलेले काडतूस हाताने सोडविणे शक्य होई. काडतुसे अडकणे ही नित्याची बाब असल्याने ही सोय क्षुल्लक नव्हती. पण इंजिन, इंधन, बंदुका आणि माणूस असे सारे वजन पुढच्या सात फुटांत एकवटलेले, आणि इंजिन असे की त्याची नळकांडी पंख्याबरोबर स्वतःच गरगरत. त्या गरगरणाऱ्या वजनाच्या प्रभावाने उजवे वळण विलक्षण चपळ होई, त्याच वेळी नाक खाली ओढले जाई, आणि डाव्या वळणात ते वर उसळे. कसलेल्या हाताला हा गुण होता, नवख्याला तो मृत्यू होता. कॅमल शिकताना अपघातात मेलेल्यांची संख्या मोठी आहे. मलिक यांना आधी अधिकारीपदाची सनद नाकारण्यात आली होती. ऑक्सफर्डच्या शिक्षकाने रदबदली केल्यावर एप्रिल १९१७ मध्ये ती मिळाली, आणि पगडीवर बसेल असे खास शिरस्त्राण घालून ते उडत. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पायाला गोळी लागूनही ते परतले. सेन सप्टेंबरात शत्रूच्या हाती सापडून युद्धकैदी झाले.

रॉय यांचे एस. ई. ५ ए हे विमान अगदी निराळ्या प्रकृतीचे होते. इंजिन स्थिर, उड्डाण निश्चल, आणि म्हणून नेम धरण्यास उत्तम आधार. त्यावर एक व्हिकर्स पंख्यामधून झाडणारी, तर दुसरी लुईस वरच्या पंखावर फॉस्टर नावाच्या वक्र रुळावर बसविलेली असे. रुळावरून ही बंदूक खाली सरकवून सत्त्याण्णव काडतुसांची तबकडी बदलता येई आणि तशीच तिरपी धरून वर असलेल्या शत्रूच्या पोटावर मारा करता येई. स्ट्रेंजला ज्या कामाने आकाशात लटकविले तेच काम येथे बसल्या जागी करण्याची सोय झाली होती. तरी वाऱ्याच्या झोतात एका हाताने जड तबकडी बसविणे हे सोपे नव्हतेच. एका अपघातानंतर वैद्यकीय दृष्ट्या अपात्र ठरविले गेलेले रॉय हट्टाने परत रुजू झाले, जुलै १९१८ मध्ये दोन आठवड्यांत त्यांनी दहा विजय मिळविले, आणि २२ जुलैला वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ते धारातीर्थी पडले.

वेलिणकर केंब्रिजच्या जीझस कॉलेजात शिकले होते. ते २३ व्या स्क्वॉड्रनमध्ये होते आणि त्या स्क्वॉड्रनला १९१८ च्या वसंतात सॉपविथ डॉल्फिन मिळाले होते. या तिन्हींत वैमानिकाच्या शरीराशी सर्वांत धिटाईने खेळलेली रचना डॉल्फिनचीच. वैमानिकास चांगले दिसावे म्हणून हर्बर्ट स्मिथ या योजकाने वरचा पंख खालच्या पंखाहून मागे आणि इतका खाली घेतला की वैमानिकाचे डोके पंखाच्या मधल्या उघड्या चौकटीतून वर निघे. त्याला वरचे आणि पुढचे आकाश निर्वेध दिसे. पुढे दोन व्हिकर्स होत्याच. शिवाय त्या चौकटीच्या दांड्यावर वर रोखलेल्या दोन लुईस बसविण्याची व्यवस्था केली होती. पण डोक्याशी असलेल्या या बंदुका झोल खाऊन वैमानिकाच्या तोंडावर आदळत, म्हणून अनेकांनी एक अथवा दोन्ही काढून टाकल्या. ८७ व्या स्क्वॉड्रनने त्या खालच्या पंखांवर नेल्या, जेथे तबकडी संपली की बदलणे अशक्य होते. विमान उलटे पडले तर सर्वांत आधी वैमानिकाचे डोके जमिनीस लागणार, ही धास्ती निराळीच. शस्त्र वाढविण्याच्या हव्यासाला वैमानिकांनी आपल्या अनुभवाने घातलेली ही मर्यादा होती. चार बंदुकांपेक्षा नजरेच्या रेषेत असलेल्या दोन बऱ्या, हा त्यांचा निवाडा पुढची सुमारे पंधरा वर्षे जगभरच्या एकासनी लढाऊ विमानांनी मान्य केला. २७ जून १९१८ रोजी गस्तीवर गेलेले वेलिणकर परतले नाहीत. तीन दिवसांनी जखमांमुळे शत्रूच्या ताब्यात त्यांचे निधन झाले. फ्रान्सातील आँगार येथील लष्करी दफनभूमीत ते विसावले आहेत.

वापिटी ते मिग

१ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिग रोड तळावर हिंदी हवाई दलाचे पहिले स्क्वॉड्रन उभे राहिले तेव्हा त्याच्या वाट्यास चार वापिटी विमाने आली. पुढे एक व्हिकर्स, मागे निरीक्षकाच्या फिरत्या कड्यावर एक लुईस: म्हणजे एकाने हाकावे, दुसऱ्याने डागावे ही जुनी वाटणी येथे पुन्हा अवतरली. वायव्य सरहद्दीवर शत्रूजवळ विमाने नव्हतीच, तेव्हा सरकारला तेवढे पुरेसे वाटले. १९४२ च्या ब्रह्मदेशातील लढाईत मात्र ‘जंबो’ या नावाने ओळखल्या गेलेल्या करुण कृष्ण मजुमदार या स्क्वॉड्रन लीडरच्या हाताखालील लायसँडर विमानांना टेहळणीच्या यंत्रावर बाँब लटकवून शत्रूच्या तळांवर जावे लागले, आणि शस्त्रयोजना ही कारखान्याच्या मसुद्याइतकीच तळावरील कारागिरांच्या हातांची गोष्ट आहे हे दिसून आले. विमानांची निगा आणि दुरुस्ती पाहणाऱ्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय आज नागपुरात आहे. त्या खात्याचे महत्त्व या दृष्टीने ध्यानात घ्यावे.

बंदुकीचा प्रश्न सुटला असे वाटत असतानाच क्षेपणास्त्रांच्या युगाने तो पुन्हा उकरला. भारताने घेतलेल्या आणि पुढे नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात बांधलेल्या आरंभीच्या बहुतेक मिग-२१ विमानांत अंगची बंदूकच नव्हती. १९६५ च्या युद्धात त्यांची भिस्त दोन क्षेपणास्त्रांवर होती. अनुभवाअंती पोटाखाली तेवीस मिलिमीटरच्या दुनळी तोफेची पेटी टांगण्यात आली आणि १२ डिसेंबर १९७१ रोजी फ्लाइट लेफ्टनंट भारत भूषण सोनी यांनी तिच्याच माऱ्याने कच्छच्या आखातावर पाकिस्तानचे एफ-१०४ पाडले.

गारोच्या पाचरींपासून या पेटीपर्यंतचा क्रम पाहिला म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. शस्त्राची संख्या, वेग वा पल्ला यांवर जे विसंबले त्यांना रणांगणाने दुरुस्त केले. शस्त्र, दांडी आणि दृष्टी ही तिन्ही एका माणसाच्या आवाक्यात ज्यांनी आणली, त्यांचेच यंत्र टिकले. ही दुरुस्ती योजकांच्या मेजावर क्वचितच झाली. ती बहुधा वैमानिकांनी खीळ ठोकून, बंदुका उतरवून किंवा परत न येऊन केली. म्हणून लढाऊ विमानाच्या इतिहासात फोकर आणि कॉन्स्टँटिनेस्को यांच्या नावांखाली हॉकर, रॉय आणि वेलिणकर यांची नावेही त्याच शाईने लिहिली गेली पाहिजेत.