खाटा मोजल्या, माणसाला विचारलं नाही

राज्याने 1995 साली मातोश्री वृद्धाश्रम योजना आणली, केंद्राने 2007 साली ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा केला आणि 2010-11 पासून वृद्धांसाठी राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. या तीस वर्षांत आपण खाटा आणि इमारती मोजल्या. खाटेवरच्या म्हाताऱ्या माणसाला सिस्टरची काळजी जाणवते का, हे विचारलंच नाही. 2007च्या कायद्याचं 19वं कलम जिल्ह्यात किमान 150 निराधार वृद्धांच्या सोयीचं सांगतं, औषधोपचाराबरोबर करमणुकीचाही उल्लेख करतं. किती माणसांमागे किती परिचारिका, हे सांगत नाही.

विचारलं तर उत्तर वेगळं येतं. अमेरिकेत पॅट्रिशिया लार्सन यांनी 1980च्या दशकात कर्करुग्णांना आणि परिचारिकांना काळजी कशातून जाणवते, हे विचारलं. परिचारिकांनी ऐकून घेण्याला वरचं स्थान दिलं, रुग्णांनी सुई नीट टोचता येण्यासारख्या कौशल्याला. ते वृद्धाश्रमातले रहिवासी नव्हते, हे खरं. पण परावलंबन दोन्हीकडे तेच. कूस बदलायलाही दुसऱ्याचा हात लागतो, तेव्हा तो हात आधी सरावलेला हवा: माकडहाडाशी लाल झालेली कातडी वेळेत ओळखणारा, अंग न खरचटता माणूस उचलणारा. आपुलकी जाणवते ती त्यातूनच.

गोंदियाजवळच्या नागऱ्यासारख्या गावात ही काळजी बहुधा सुनेच्या नाहीतर लेकीच्या हातून होते. बाहेरून येते ती आशाताई किंवा उपकेंद्रातली नर्सबाई. दवाखान्यातली सोय वाढली: गोंदियाला 2016 साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं. 2024 पासून सत्तरीपुढच्यांना आयुष्मान कार्डावर पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण भरती झाल्यावर. घरी परतून वर्षानुवर्षं पडून राहणाऱ्याला त्या कार्डाचा उपयोग नाही.

म्हातारी माणसं ‘बरं चाललंय’ एवढंच म्हणतात, त्यांना विचारून काय मिळणार, असा आक्षेप येतो. ज्याच्या हातून पाणी प्यायचं त्याची तक्रार कोण करेल? म्हणूनच विचारणारा बाहेरचा हवा आणि प्रश्न नेमका हवा: हाक मारल्यावर कोणी किती वेळाने येतं, गोळी कशाची ते सांगतात का, कपडे बदलताना पडदा ओढतात का. मनुष्यबळ अपुरं आहे, हा दुसरा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. मात्र किती सिस्टर कमी पडतात, हे त्या उत्तरांइतकं स्पष्ट दुसरं काही दाखवणार नाही. जिल्ह्याच्या समाजकल्याण आणि आरोग्य खात्यांनी मिळून ही विचारणा दरवर्षी करावी, आणि सुरुवात घरात पडून असलेल्यांपासून करावी.