घराची राखण : लेखांक पाचवा – धोक्याची घंटा

गेल्या लेखांकात दारे, कुलपे, कडी-कोयंडे आणि खिडक्यांचे गज ह्यांचा विचार आपण केला. ती सारी चोराला अडविणारी साधने होत. धोक्याची घंटा, म्हणजे बाजारात जिला ‘बर्गलर अलार्म’ म्हणून मागतात ती, कोणालाही अडवीत नाही. घरात कोणी शिरले एवढी वर्दी ती देते. म्हणून ती वर्दी कोणाकडे पोहोचणार, किती वेळात पोहोचणार आणि ती मिळालेला मनुष्य पुढे काय करणार, ह्या प्रश्नांचा निकाल लागल्यावाचून यंत्राच्या खरेदीस निघणे हा द्रव्याचा अपव्यय होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

विजेवर चालणाऱ्या अशा घंटेचे पेटंट अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ऑगस्टस पोप ह्या गृहस्थाने १८५३ साली घेतले, आणि त्याचे हक्क विकत घेऊन एडविन होम्स ह्याने त्यावर मोठा व्यवसाय उभारला. पोपच्या रचनेत दार उघडले की विद्युन्मंडल पूर्ण होई व घंटा वाजू लागे. आजच्या तारांच्या यंत्रात बहुधा ह्याच्या उलट योजना असते : मंडलातून प्रवाह अखंड वाहत असतो आणि तो खंडित झाला, मग तो दार उघडल्याने असो वा कोणी पकडीने तार तोडल्याने असो, की यंत्राचे नियंत्रण करणारे पॅनेल तत्काळ भोंग्यास हुकूम देते. दाराच्या चौकटीवर बसविलेल्या सेन्सरमध्ये एक इवलीशी काचेची नळी असते. तीत लोहमिश्र धातूच्या दोन पात्या असून दाराच्या फळीवरील लोहचुंबक जवळ असेतोवर त्या एकमेकींस चिकटून राहतात व चुंबक दूर सरकताच विलग होतात. इतके साधे व भरवशाचे दुसरे उपकरण ह्या व्यवसायात नाही. मात्र कोकणात किंवा मुंबईच्या जुन्या चाळींत लाकडी दारे पावसाळ्यात फुगतात व चुंबकाचे अंतर बदलते. ते अंतर ऐन आषाढात पुन्हा तपासून घ्यावे.

दुसरा सेन्सर हालचाल ओळखणारा. मनुष्याच्या शरीरातून सुमारे ९ ते १० मायक्रॉन लांबीच्या उष्णतेच्या लहरी विशेषेकरून बाहेर पडतात. सेन्सरवरील भिंग खोलीचे अदृश्य पट्टे पाडते आणि उष्ण देह एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात गेला की आतील स्फटिकास तो फरक जाणवतो. ह्यावरून दोन गोष्टी आपोआप ठरतात. समोरून सरळ चालत येणाऱ्यापेक्षा आडवा जाणारा मनुष्य त्यास लवकर कळतो, सबब तो दोन-सव्वादोन मीटर उंचीवर, कोपऱ्यात, दारातून आत येणाऱ्याची वाट आडवी पडेल असा बसवावा. आणि ह्या लहरी खिडकीच्या काचेतून पार होत नसल्याने काचेपलीकडच्या मनुष्याची खबर तो देणार नाही, हे धरून चालावे. नागपूर-चंद्रपूरकडे वैशाखात बंद घराच्या भिंती देहाइतक्याच तापतात, तेव्हा देह आणि पार्श्वभूमी ह्यांतील भेद मंदावून सेन्सरची नजर अधू होते. तिकडच्या वाचकांनी केवळ ह्याच सेन्सरवर न विसंबता प्रत्येक दारास चुंबकाचा सेन्सर लावावा. पाल ही आपल्याकडची खास उपाधी : भिंगावरून सरपटणारी पाल सेन्सरच्या अगदी निकट असल्यामुळे मध्यरात्री भोंगा वाजवू शकते. तारेचे छिद्र सिलिकोनने बुजवावे व ट्यूबलाइटजवळ, जिथे किडे आणि त्यांच्यामागून पाली जमतात, तिथे सेन्सर लावू नये.

ह्या फुकटच्या वर्दीचे अनर्थ मोठे आहेत. चार वेळा विनाकारण झोपमोड झालेला शेजारी पाचव्या वेळी उठत नाही, आणि घरधनीही कंटाळून यंत्र बंद करून ठेवतो. म्हणून सेन्सर किती आहेत ह्यापेक्षा ते नेमके कोठे आहेत ह्याची चौकशी विक्रेत्याकडे अधिक करावी. तिसऱ्या मजल्यावरील फ्लॅटला मुख्य दार, गॅलरी आणि डक्टकडील न्हाणीघराची खिडकी एवढ्यांचा बंदोबस्त पुष्कळ झाला. बंगल्यास तळमजल्याची सर्व दारे-खिडक्या धरल्या पाहिजेत.

वीज गेल्यावर यंत्र चालावे ह्यासाठी पॅनेलमध्ये बहुधा १२ व्होल्टची, ७ अँपिअर-तासांची बॅटरी असते. पॅनेल व सेन्सर मिळून ०.१ अँपिअर प्रवाह घेत असतील तर हिशेबाने ती ७० तास पुरावी. प्रत्यक्षात जुनी बॅटरी त्याच्या निम्मेही टिकत नाही, तेव्हा ती काही वर्षांनी बदलणे अपरिहार्य आहे. केवळ वायफायवर विसंबणारे यंत्र राउटरची वीज जाताच मुके होते. सिमकार्डाचे यंत्र त्याहून बरे, परंतु त्या सिमची रिचार्जची मुदत संपली तर भोंगा वाजेल आणि फोन मात्र कोणासही जाणार नाही. ही तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. यंत्राने फोन करावयाच्या क्रमांकांच्या यादीत पहिला क्रमांक शेजाऱ्याचा असावा, आपला दुसरा. ११२ ह्या क्रमांकावर माणसानेच खातरजमा करून फोन करावा, यंत्राने नव्हे.

बसविणाऱ्याने दिलेला मूळ संकेतांक त्याच दिवशी बदलावा, व कामवाल्या मावशींना स्वतंत्र संकेतांक द्यावा, म्हणजे तो पुढे रद्द करता येतो. सूर्यास्त ते सूर्योदय ह्या वेळेतील घरफोडीस कायद्याने अधिक शिक्षा सांगितली आहे. १८६० च्या दंडसंहितेतील हा भेद १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही कायम आहे. तथापि कुलूप लावलेले घर दिवसाही फोडले जाते, म्हणून अर्ध्या तासासाठी बाहेर पडतानाही यंत्र चालू करावे. रात्री घरात माणसे असताना केवळ दारांचे सेन्सर चालू ठेवण्याची सोय बहुतेक पॅनेलांत असते; तिचा उपयोग आग्रहाने करावा. आणि भोंगा वाजत असलेल्या घरात एकट्याने शिरू नये. पोलिसांस कळवावे, ते येऊन पंचनामा करीतोवर कशासही हात लावू नये.

वाचकांना एवढीच विनंती की, शेजाऱ्यांना पूर्वसूचना देऊन येत्या रविवारी घराचा मेन स्विच बंद करावा, यंत्र चालू करावे, दार उघडावे, आणि शेजाऱ्याच्या घरात भोंगा ऐकू येतो की नाही व त्याच्या फोनवर वर्दी येते की नाही हे स्वतः पाहावे. ह्या परीक्षेस जे यंत्र उतरणार नाही त्याच्यावर भिस्त ठेवून परगावी जाऊ नये.